जानवशाची सोय

संपादकांचं पत्र आलं की, तुम्ही सात वर्षं दारूच्या दुकानात काम केलंत आणि आता दारूच्या विरोधात पत्रकं काढता, तेव्हा दुकानातल्या गमतीजमती दिवाळी अंकासाठी लिहून पाठवा. गमती नव्हत्या असं नाही, दोन-तीन सांगतोही. पण चकलीबरोबर चवीनं वाचावं असं माझ्याकडे फारसं नाही. ज्यांना तसलं हवं असेल त्यांनी पान उलटावं.

माझ्या प्रत्येक सभेत एक शहाणा उठतोच. "तू स्वतः दारू विकलीस, आता कोणत्या तोंडानं बोलतोस?" त्याला मी सांगतो, ह्याच तोंडानं. मॅट्रिक झालो, रोजगार कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, आणि शेवटी काम मिळालं ते देवळाली कॅम्पात रतनशेठच्या दुकानात. दिवसा काउंटरवर उभा राहायचो, सुट्टीच्या दिवशी आमच्या तरुणांच्या संघटनेची पत्रकं लिहायचो. मी काउंटरच्या जाळीच्या आतल्या बाजूला उभा होतो. तिथून बाहेरच्यांचे चेहरे फार स्पष्ट दिसतात. प्रश्न विचारणारा शहाणा खाली बसतो तो बहुधा हा मुद्दा ध्यानात आल्यामुळेच.

आमच्या दुकानात लग्नसराईत माझं एक खास काम असे. गिऱ्हाईक आलं, इकडंतिकडं बघून शेठच्या कानाशी लागलं, की शेठ हाक मारायचे, "सुधाकर, ह्यांना अंदाज दे." लग्नाला दारू किती घ्यायची ह्याचा अंदाज. ह्या धंद्यात सगळ्यात अवघड काम तेच. जास्त झाली तर यजमान शिव्या देतो, कमी पडली तर मांडवात भांडण होतं आणि शिव्या मग सगळेच देतात.

लोकांना वाटतं, माणसं मोजली की झालं. "दोनशे पान आहे, किती लागेल?" मी माणसांचा आकडा शेवटी विचारायचो. आधी विचारायचो, जेवण काय आहे. गोडाचं असेल तर बाटली हळू सरते, मटण असेल तर धावते. मग विचारायचो, वऱ्हाड कशातून येणार. एस. टी.नं आलेला माणूस शेवटच्या गाडीकडे डोळा ठेवून पितो. ट्रकमधून आलेल्याला घाई नसते, ट्रक त्याला टाकून जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बायका कुठे बसणार? हे ऐकून लोक चमकायचे. पण हिशेब साधा आहे. बायका जवळ असल्या की पुरुष लपून पितात, आणि लपून पिणारा उभ्यानं, घाईनं, पाणी न घालता पितो. जानवसा, म्हणजे वऱ्हाड उतरवायची जागा, मांडवापासून लांब असेल तर तोच माणूस मांडी घालून बसतो, गप्पा मारतो, आणि अर्धा पेला तसाच ठेवून उठतो. चोरी जितकी मोठी तितकी दारू जास्त. हे मी सात वर्षं पाहिलं. कुणाला पटत नसेल तर स्वतःच्या घरचं लग्न आठवावं.

ह्यावर आणखी एक बाब. लग्नातली दारू प्यायच्या हिशेबानं घ्यायची नसते, दिसण्याच्या हिशेबानं घ्यायची असते. शेवटचा पाहुणा तोंड पुसून उठला तेव्हा न फोडलेली बाटली समोर दिसली पाहिजे. दिसली तर "यजमानानं हात सैल ठेवला". सगळ्या रिकाम्या दिसल्या तर प्रत्येकाचं पोट भरलेलं असूनही "कमी पडली". म्हणून मी पिण्याचा आकडा काढून त्यावर मानाचा आकडा चढवायचो. तो घरोघरी वेगळा. कुठल्या घरात किती चढवायचा हे ओळखणं, त्यालाच अंदाज म्हणतात. तो माझा सहसा चुकत नसे. अभिमानानं सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण खरी आहे.

कॅम्पातल्या एका रिटायर्ड सुभेदाराला माझा अंदाज नको होता. मुलीचं लग्न होतं. म्हणाला, "एक आदमी, दो पेग रम. बात खतम." मी म्हटलं, "साहेब, लग्न आहे. माणूस तिसरा मागतो." तो म्हणाला, "मागतो, त्याला मिळत नाही." आणि त्यानं केलंही तसंच. स्वतः टेबलामागे उभा राहिला, हातात माप, पाहुण्यांची रांग, पुढे सरका म्हणून दरडावणं. एक थेंब उरला नाही, एक थेंब कमी पडला नाही. वऱ्हाडातला एक जण नंतर दुकानात येऊन म्हणाला, "आम्हाला वाटलं लग्नाला आलोय. ही तर भरती निघाली." सात वर्षांत एवढा एकच यजमान पाहिला, ज्याला पाहुण्यांची भीती वाटत नव्हती. अर्थात त्याच्या हाताखाली माणसं बंदुका घेऊन उभी राहिलेली होती. मुलीचा बाप व्हायला एवढी तयारी लागते.

गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांची गोष्ट वेगळी. मोठं नाव, नशाबंदीच्या व्यासपीठावर खुर्ची. मुलाच्या रिसेप्शनला पुढच्या हिरवळीवर आइस्क्रीम आणि थंड पेयं, मागे गॅरेजमध्ये बाकीचं. दुकानात स्वतः कधी आले नाहीत. फोनवर विचारायचे, "औषध किती लागेल?" आणि पाहुण्यांचा आकडा मुद्दाम कमी सांगायचे. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, कोल्ड्रिंकच्या पेट्या किती सांगितल्यात?" त्यांनी सांगितल्या. तेवढं थंड पेय नुसतं पिणारी माणसं सगळ्या नाशकात मिळाली नसती. त्या पेट्यांवरून मी औषधाचा आकडा काढला आणि बरोबर आला.

इथे परवान्याचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपल्या राज्यात दारू विकत घ्यायची तर परवाना लागतो. ज्या खात्याकडून तो मिळतो त्याच्या नावात 'दारूबंदी' आहे. परवान्यावर लिहिलेलं असतं की, अमुक इसमास प्रकृती टिकवण्यासाठी दारू आवश्यक आहे. एका परवान्यावर महिन्याला ठरावीक बाटल्या. सुटी बाटली शेठ परवाना न बघता, कुणालाही मागच्या खिडकीतून देत. पण लग्नाचा माल म्हणजे टेम्पो, आणि टेम्पो म्हणजे नाका. तेव्हा लग्नघरं नातेवाइकांचे परवाने गोळा करत. डॉक्टरांच्या घरून आलेल्या परवान्यांत त्यांच्या आईचाही होता. वर्षाच्या सगळ्या एकादश्या धरणारी बाई. तिच्या प्रकृतीसाठी व्हिस्की टेम्पोत चढवताना आमचा हमालसुद्धा हसला.

सायखेड्याचा एक द्राक्षबागवाला आला होता, त्याच्या बायकोची आठवण मात्र मला आजही बरी वाटते. तो काउंटरवर टेकून म्हणाला, "पाव्हणं लय हायत भाऊ. कमी पडली तर नाक जाईल माझं."

"जेवण काय?"

"पुरणपोळी."

"मग सांगताय त्याच्या निम्मी घ्या."

"निम्मी नाय पुरायची. हळदीला बोकड हायत."

"मग तसं आधी सांगा की."

"तुम्ही लग्नाचं इचारलं. हळदीचं कुठं इचारलं?"

टेम्पोजवळ त्याची बायको उभी होती. ती पायरीपर्यंत आली आणि डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "काय वो भाऊ, उरली तर परत घेता का? का पुढं म्हैनाभर ह्यांनाच संपवावी लागती?" मी म्हटलं, सील शाबूत असेल तर घेतो. "मंग ठीक हाय," म्हणाली. नंतर कळलं, हळदीच्या दिवशी ती पेट्यांवर गोधडी टाकून बसली आणि एकेक बाटली मागितल्याशिवाय दिली नाही. पाहुण्यांना तिच्याकडे मागायची लाज वाटली. पेट्या बऱ्याच परत आल्या. शेठ म्हणाले, "अशा बायका दोन-चार गावांत झाल्या तर दुकान बंद करावं लागेल." मी ते वाक्य नंतर पत्रकात घातलं.

गमती संपल्या. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, दुकानासमोरच्या पानटपरीच्या सावलीत मला गायकवाड गुरुजी उभे दिसले. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीतल्या बौद्ध घरांतलं एकही लग्न त्यांच्याशिवाय लागलेलं नव्हतं. नगरपालिकेच्या शाळेतून रिटायर झालेले, पांढरा सदरा, पांढरी टोपी. विहारात पौर्णिमेची वंदना तेच घ्यायचे. त्रिशरण, पंचशील मी त्यांच्याच तोंडून शिकलो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पंचशीलातलं पाचवं शील म्हणजे मी दारू आणि नशेपासून दूर राहीन. आमच्याकडे लग्न लागतं तेव्हा नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत उभी राहून हे म्हणतात आणि सगळा मांडव त्यांच्या मागून म्हणतो. गुरुजी एकेक शब्द सुटा करून सांगायचे, कुणाला गिळता येऊ नये म्हणून.

हा माणूस दारूच्या दुकानासमोर. मी काउंटर सोडून बाहेर गेलो.

"गुरुजी, इथं कसे?"

"तुझ्याकडेच आलो. आत येत नाही. चालेल ना?"

"कुसुमताईचं ठरलं ना? ऐकलं मी."

"ठरलं. मनमाडचे आहेत. मुलगा कचेरीत आहे, शांत आहे." मग म्हणाले, "सुधाकर, मला अंदाज पाहिजे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा राग आला, आणि तो त्यांच्यावरच काढला. म्हटलं, "तुम्ही? तुम्ही पाजणार?"

गुरुजींनी शांतपणे सांगितलं. बैठक झाली. याद लिहिली, म्हणजे कपडे, भांडी, मानपान, कुणी काय द्यायचं त्याची नेहमीची यादी. त्यात दारूचं अक्षर नाही. ते कधीच नसतं. उठताना मुलाचे मामा गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाकी जानवशाची सोय तेवढी बघा गुरुजी. आमची मंडळी मोठी हौशी हाय." बस, एवढंच. आणि देशी चालणार नाही, इंग्लिश हवी, हे मध्यस्थानं नंतर घरी येऊन सांगितलं.

"नाही म्हणा," मी म्हटलं.

"मागच्या स्थळाला म्हणालो होतो. मोडलं. त्याच्या आधीच्यालाही म्हणालो होतो."

"मग तिसरंही मोडू द्या."

"तुला सोपं आहे," गुरुजी म्हणाले. "मोडल्यावर घरी बसते ती कुसुम. शेजारच्या बायका येऊन तिच्याच समोर मोजतात, तिच्या बरोबरीच्या कुणाला किती मुलं झाली ते. मी विहारात जातो, ती कुठे जाईल?"

गुरुजींची मुलगी कुसुमताई डी.एड. झालेली होती, शाळेत शिकवत होती. बापाला ती दादा म्हणे. त्यांच्या निर्णयाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "दादा बरोबर आहेत." दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिच्यावर तसं म्हणायची पाळी येऊ नये असं बापाला वाटत होतं. मी पत्रकं लिहिणारा माणूस. खिशातली पेन्सिल काढली आणि विचारलं, जानवसा कुठे आहे.

अंदाज दिला. जानवसा शाळेत, मांडवापासून दोन गल्ल्या लांब. जेवण गोडाचं. वऱ्हाड स्पेशल एस. टी.नं येणार आणि दिवस मावळायच्या आत परत निघणार. पिणारी वीस-पंचवीस डोकी. मी मानासकट आठ बाटल्यांवर आणलं. म्हटलं, "आठ बाटल्या खिडकीतून निघत नाहीत. परवान्याचं माझ्यावर सोडा. दुसऱ्याच्या नावावर करतो. शेठकडे तसे परवाने असतात."

"दुसऱ्याच्या नावावर का?"

"तुमचं नाव नको म्हणून."

"म्हणजे पाजणार मी आणि लिहायचं दुसऱ्याच्या नावावर? एक खोटं पुरे आहे, सुधाकर. माझ्याच नावाचा काढ."

मी पुष्कळ सांगितलं. शिकलेला माणूस हट्टी असतो, शिकवणारा त्याहून. अर्ज भरला. प्रकृतीसाठी आवश्यक, ह्या ओळीवर गुरुजींचा पेन अडला. "सगळेच करतात सही गुरुजी," मी म्हटलं. ते म्हणाले, "ते मला माहीत आहे," आणि शाळेत निकालपत्रकावर करायचे तशी पूर्ण नावाची सही केली.

आमच्या वसाहतीतला एक जण परवान्याच्या कचेरीत शिपाई होता. परवाना तयार झाला आणि तो गुरुजींच्या हातात पडायच्या आधी बातमी घराघरात पडली. विहार कमिटीची बैठक बसली. आता ऐका कोण बसले. अध्यक्ष, ज्यांना मी दर शनिवारी मागच्या खिडकीतून क्वार्टर देत असे. चिटणीस, जे सिन्नर फाट्याजवळच्या हातभट्टीवर जात आणि परत येताना सायकल हातात धरून चालत. आणखी दोघे तसेच. ह्यांनी ठराव केला की, दारूचा परवाना असलेल्या व्यक्तीनं पंचशील देणं योग्य नाही, सबब गुरुजींनी वंदना घेऊ नये.

आमच्या संघटनेनं त्यांच्याही पुढे उडी मारली. पत्रक काढलं, गुरुजींचं नाव घालून. माझ्याच टेबलावर शिकलेल्या पोरांनी लिहिलेलं. चहाच्या हॉटेलात त्यांना गाठलं.

"हे कुणी लिहिलं?"

"सगळ्यांनी मिळून. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुमच्यातल्या तिघांना मी खिडकीतून बाटल्या दिल्यात. नावं घेऊ?"

एक जण बशीतला चहा फुंकत म्हणाला, "घे की. आमच्याकडे परवाना आहे का?"

"नाही. म्हणजे चोरून घेता."

"म्हणजे नोंद नाही. नोंद नाही ना? मग झालं."

त्या दिवशी मी संघटना सोडली. दारू पिणाऱ्यांनी, कधीच न पिणाऱ्या माणसाला दारूच्या कारणावरून बाहेर काढलं होतं. बाकी समाजांत असं होत नसेल असं नाही. पण आम्ही पाचवं शील रोज मोठ्यानं म्हणणारी माणसं. आम्हाला ते म्हणता म्हणता असं करता आलं, ह्याची चीड मला आजही येते आणि ती कमी व्हावी अशी माझी इच्छा नाही.

लग्नाचा दिवस. माल मी सकाळीच शाळेच्या मागच्या खोलीत पोचवला. मांडवात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, हार. पंचशील द्यायला कमिटीनं सातपूरहून एक गृहस्थ बोलावले होते. ते आलेच नाहीत. वेळ टळायला लागली. वऱ्हाडातली मंडळी जानवशातून येऊन बसली होती, काहींचे डोळे आधीच लाल. चिटणीसांना विचारलं, ते म्हणाले, मला तोंडपाठ नाही. शेवटी अध्यक्ष गुरुजींकडे गेले.

"गुरुजी, जरा तुम्हीच उरका आता. आजच्यापुरतं."

गुरुजी उठले. मूर्तीसमोर उभे राहिले. त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. नेहमीसारखा एकेक शब्द सुटा. मांडव मागून म्हणत होता. चौथं संपलं आणि गुरुजी थांबले. लोकांना वाटलं, श्वास घेतायत.

"पाचवं मी देऊ शकत नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "माझ्या नावावर दारूचा परवाना आहे. तेव्हा मी देऊ नये असा कमिटीचा ठराव आहे आणि तो मला मान्य आहे. तुमच्यापैकी ज्यानं आज घेतलेली नाही आणि एरवीही घेत नाही, त्यानं पुढं यावं आणि माझ्या मुलीला पाचवं शील द्यावं. मी त्याच्या मागून म्हणेन."

मी मागे कनातीपाशी उभा होतो. तिथून सगळ्यांच्या माना दिसत होत्या. एक मान हलली नाही. अध्यक्ष जमिनीवरच्या सतरंजीकडे बघत होते. संघटनेची पोरं एकमेकांच्या मागे सरकत होती. विचाराल, तू का नाही गेलास? मी पीत नाही, कधीच प्यालो नाही. पण सकाळी माल मीच टाकून आलो होतो. तो हात पुढे करून मी काय देणार होतो?

नवरदेवाचे मामा म्हणाले, "गुरुजी, हे काय काढलं आता? चारवर भागवा की."

मग कुसुमताईनं स्वतःच म्हटलं. मान वर करून, पूर्ण. वर्गात शिकवतात तसं, खड्या आवाजात. शेजारी नवरदेव ओठ मिटून उभा. तिच्या मागून बायकांच्या बाजूनं म्हटलं, आधी दोघी-तिघींनी, मग सगळ्यांनी. पुरुषांच्या बाजूनं फक्त गुरुजींचा आवाज आला. ते मुलीच्या मागून म्हणत होते.

मला वाटलं, झालं. आता ह्यांना लाज वाटेल आणि आठही बाटल्या तशाच परत येतील. वाचकांनाही तसंच वाटत असेल. लाज वाटली, खोटं नाही. आणि ती वाटली म्हणून सगळे जानवशाकडे गेले. वऱ्हाड गेलं, आमचे अध्यक्ष गेले, चिटणीस गेले, पत्रकवाली पोरं गेली. जे वीस-पंचवीस मी धरले होते ते पन्नास झाले. कुणी बसलं नाही, कुणी बोललं नाही. उभ्यानं, पाण्याशिवाय. माझ्या अंदाजात जेवण होतं, अंतर होतं, गाडीची वेळ होती. अपमान झालेला माणूस किती पितो हे मी धरलेलं नव्हतं.

पाठवणीच्या वेळी एस. टी. उभी, कुसुमताई खिडकीपाशी बसलेली, आणि पुरुष गाडीत चढायला तयार नाहीत. मामा मांडवात आले.

"गुरुजी, कमी पडली."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मामा, आठ होत्या. गाडीची वेळ झाली."

"तू नको सांगू. एवढं भाषण ऐकवलं आम्हाला भर मांडवात, आन वर कमी पाडायची? मंडळी म्हणतात, सोय झाल्याशिवाय गाडीत बसत नाय." मग गुरुजींकडे वळून, "तुमच्या परवान्यावर अजून निघतील की. आम्हाला ठाव हाय."

गुरुजी गाडीकडे बघत होते. उन्हात तापलेला पत्रा, आत बायका-पोरं, खिडकीत मुलगी. ती इकडे बघत नव्हती. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला.

"सुधाकर," गुरुजी म्हणाले, "आण."

"गुरुजी, नका."

"आण म्हटलं ना. ती उन्हात बसलीय."

सदऱ्याच्या खिशातून त्यांनी परवाना काढून दिला. मी सायकल काढली. कॅम्पात गेलो, आणल्या. मामांनी त्या पिशवीत घातल्या, एकही फोडली नाही, आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत पुढच्या सीटवर बसले. तहान नव्हतीच कुणाला. गाडी निघाली तेव्हा कुसुमताईनं बापाला हात केला. बापानंही केला.

मांडव सोडणारी माणसं आली, खुर्च्या गोळा व्हायला लागल्या. गुरुजी एका खुर्चीवर बसून होते. मी परवाना परत द्यायला गेलो. त्यांनी तो हातात घेऊन विचारलं, "हा आता कुठे जमा करायचा?"

"जमा नाही करावा लागत, गुरुजी."

"मग?"

"वर्षभर चालतो."

"वर्षभर," ते म्हणाले, आणि घडी घालून तो त्यांनी खिशात ठेवला.

मी दुसऱ्या दिवसापासून दुकानात गेलो नाही. परवान्याचं वर्ष संपल्यावर कमिटीची माणसं गुरुजींच्या घरी गेली, म्हणाली, आता अडचण नाही, वंदना घ्यायला या. गुरुजींनी त्यांना चहा दिला. वंदनेला मात्र ते गेले नाहीत. आता पौर्णिमेला चिटणीस पंचशील देतात. त्यांचं आता तोंडपाठ झालं आहे.